आमची नगर परिषद: आवक-जावकच्या टेबलापासून सभागृहापर्यंत

नगर परिषदेत कुठलंही काम असो, पहिल्यांदा आवक-जावकच्या टेबलावर जा. ओळखीचा नगरसेवक, ओळखीचा कारकून, साहेबांचा शिपाई हे सगळे नंतर. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या आणि ती पोच जपून ठेवा. आमच्या नगर परिषदेच्या सेवेबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं एवढ्यात आलं. ज्या कामाला नंबर पडतो ते काम इथे होतं, आणि बऱ्यापैकी वेळेत होतं. जे तोंडी सांगितलं जातं ते कुणाच्याच टेबलावर नसतं.

मी टपाल खात्यात काउंटरवर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून नगर परिषदेची पायरी चढणं नित्याचं झालंय. खिडकीच्या आतल्या बाजूला मी आयुष्य काढलं आहे, त्यामुळे रांग, शिक्का, रजिस्टर या गोष्टींकडे माझं लक्ष आपोआप जातं. गाव मुंबईच्या लोकलच्या टापूतलं. नगर परिषद ‘ब’ वर्ग, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीची. कारभार चालतो तो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमावर. महानगरपालिकेसारखा बडेजाव नाही, आयुक्त नाहीत, मुख्याधिकारी असतात. पण जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रत्येक कागद शेवटी याच इमारतीतून निघतो.

इमारतीचं आधी सांगते. तळमजल्यावर नागरी सुविधा केंद्र, कर विभाग आणि जन्म-मृत्यू नोंदणी. वर बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा, लेखा. त्याच्याही वर सभागृह. म्हाताऱ्याकोताऱ्यांना लागणारी कामं खालीच ठेवली आहेत, हे फार बरं केलंय. बसायला बाकं आहेत, पिण्याचं पाणी आहे, पंखे चालतात. बायकांचं स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली शिपायाकडे मागावी लागते. हे बदला. कर भरायला आलेल्या बाईनं किल्ली मागत फिरावं ही गोष्ट मला पटत नाही, आणि तसं मी लेखी दिलंय.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीला मी पूर्ण गुण देते. तिथल्या बाई दाखला छापण्याआधी स्क्रीन समोरच्याकडे वळवतात आणि बाळाचं नाव, आईचं नाव, वडलांचं नाव अक्षर न अक्षर वाचायला लावतात, मराठीतही आणि इंग्रजीतही. मागे रांग असली तरी त्या घाई करत नाहीत. आमच्या शेजारच्या सूनबाईंच्या आडनावात एक अक्षर कमी पडलं होतं, ते तिथेच सापडलं. असं अक्षर पुढे शाळेत, पासपोर्टात, बँकेत किती छळतं हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय. त्या तारखेपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. तेव्हा हे काम निगुतीनं करणारी माणसं खिडकीत हवीतच.

बऱ्याच घरांना माहीत नसतं म्हणून लिहिते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, तिला पैसे लागत नाहीत. दवाखान्यात जन्म झाला असेल तर माहिती दवाखान्यानंच कळवायची असते. बारसं व्हायचंय म्हणून नोंद अडवून ठेवू नका. नावाविना नोंद होते आणि नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंदच करायची राहून वर्ष उलटलं, तर मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं, आणि तिथे नगर परिषदेच्या हातात काही उरत नाही.

आता कर विभाग. लोकांचा सगळ्यात जास्त राग याच खिडकीवर निघतो आणि त्यातला निम्मा राग बिल न वाचल्यामुळे असतो. बिल हातात घेऊन एकदा शांतपणे बघा. वार्षिक भाडेमूल्य धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्केवारीनं घरपट्टी बसते. खाली वृक्ष कर, अग्निशमन कर असे रकाने असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे. नगर परिषद ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. ‘एवढे पैसे घेऊन रस्ता का नाही करत’ म्हणून भांडणाऱ्यांनी निदान हे दोन रकाने बाजूला काढून भांडावं. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ही चढत जाते आणि म्हाताऱ्या एकट्या माणसांच्या बिलात मूळ रकमेशी स्पर्धा करू लागते.

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा नोटिसा निघतात, हरकती मागवतात, सुनावणी लावतात. गेल्या वेळी आमच्या इमारतीतल्या काही घरांचं क्षेत्रफळ वाढवून धरलं होतं. बंद बाल्कनी खोलीत मोजलेली. आम्ही मंजूर नकाशाची प्रत जोडून हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी नकाशा पसरून, पट्टी लावून, प्रत्येक घर वेगळं पाहिलं. ज्यांचं खरोखरच वाढलं होतं त्यांचं वाढीवच राहिलं, ज्यांचं चुकलं होतं त्यांचं कमी झालं. मला हे योग्य वाटलं. पण शेजारच्या दोन सोसायट्यांनी हरकतच घेतली नाही. नोटीस जिन्यात चिकटवलेली होती, कुणी वाचली नाही. मुदत गेली की पुढची चार वर्षं तोच आकडा, आणि वर अपिलाचा लांबचा रस्ता.

मालमत्तेच्या नोंदीत नाव बदलण्याचं काम मी जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेले. घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं येत राहिलं. काकू दर वेळी ते बिल उलटं करून ठेवायच्या. मला म्हणाल्या, “ताई, हे नाव बदलायचं काय ते तुम्हीच बघा, मला तिकडं जायची हिंमत होत नाही.” मृत्यूचा दाखला, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, आमचं ना-हरकत पत्र, मुलांची संमती, चालू वर्षाची पावती असा गठ्ठा लावला आणि काकूंना सोबत घेऊन गेले. खिडकीतला मुलगा तरुण होता. कागद चाळताना त्यानं मान वर केली आणि म्हणाला, “आजी, तुम्ही बसा तिकडे, मी तुम्हाला हाक मारतो.” संमतीपत्रावर थोरल्या मुलाची सही राहिली होती. अर्ज परत न करता त्यानं दाखल करून घेतला, आवक क्रमांक दिला आणि त्रुटी एका चिठ्ठीवर लिहून दिली. टपालात आम्ही नव्या पोरांना हेच शिकवायचो: माणसाला परत पाठवायचंच असेल तर काय आणायचं ते कागदावर लिहून द्या.

वारसाची नोंद पंधरा दिवसांत व्हायला हवी असं तळमजल्यावरच्या फलकावर लिहिलंय, आणि त्या मुदतीत ती झाली. नव्या बिलावर काकूंचं नाव आलं. एक मात्र ध्यानात ठेवा, कर नोंदवहीतलं नाव हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे. बिलावरही ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. घर विकताना सोसायटीचे आणि नोंदणीकृत कागदच लागतात.

त्या फलकाबद्दल दोन शब्द. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. कुठली सेवा, किती दिवसांत, कोणाकडे मागायची आणि नाही मिळाली तर अपील कोणाकडे, हे प्रत्येक कार्यालयानं लावून ठेवायचं असतं. आमच्याकडे फलक आहे, वाचता येईल इतका मोठा आहे. जन्मदाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, कर उतारा यांना तीन दिवस. दोन अपिलं कार्यालयाच्या साखळीत, तिसरं थेट लोकसेवा हक्क आयोगाकडे. आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ या सरकारी वेबसाइटवरून अर्ज केला तर घरबसल्या क्रमांक मिळतो. मला विचाराल तर या कायद्यानं आमच्यासारख्या छोट्या गावांचं जितकं भलं केलं तितकं क्वचितच एखाद्या योजनेनं केलं असेल. कारकुनाशी गोड बोलायची गरज उरली नाही. क्रमांक सांगायचा आणि तारीख दाखवायची.

घंटागाडीला मी चांगले गुण देते, आणि ते मुख्यतः गाडीवरच्या बायकांना. ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा कचरा करणं २०१६ च्या नियमांनी सगळ्यांवर बंधनकारक केलं. आमच्याकडे ते रुळलं ते या बायकांनी दारोदारी सांगितल्यामुळे. एकदा आमच्या इमारतीतून फुटलेला आरसा तसाच पिशवीत गेला आणि एकीच्या तळव्याला कापलं. तिनं जखमेला फडकं बांधलं आणि पुढच्या घराचा कचरा घेतला. त्यानंतर आम्ही सोसायटीत ठराव केला: काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेननं ‘काच’ लिहून, वेगळी द्यायची, सॅनिटरी पॅडही कागदात बांधून, लाल खूण करून. ही माणसं कंत्राटदाराची. हातमोजे त्यांना मिळतात तेव्हा मिळतात, फाटले की नवे लवकर येत नाहीत. करारात हातमोजे आणि बूट लिहिलेले असतात. मग ते मिळतात की नाही हे तपासणं नगर परिषदेचंच काम, आणि इथे तिचं लक्ष कमी पडतं. हे मी मोकळेपणानं सांगते कारण मला त्याचा राग येतो.

दिव्याची तक्रार फोनवर देऊ नका. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला तेव्हा सगळ्यांनी फोन केले, ‘माणूस पाठवतो’ असं उत्तर मिळालं, आणि क्लासहून परतणाऱ्या मुली मोबाइलच्या उजेडात येत राहिल्या. शेवटी खांबाचा क्रमांक लिहून अर्ज आवक केला. तेव्हा शिडीची गाडी आली. खांबावर पिवळ्या पट्टीत क्रमांक रंगवलेला असतो, तो आधी टिपून घ्या.

झाडांचा विभाग म्हणजे एक टेबल आणि एक पर्यवेक्षक, पण काम नीट. आमच्या आवारात जुना रेन ट्री आहे आणि पावसाळ्यात त्याच्या फांद्या गाड्यांवर येतात. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आपल्या आवारातलं असलं तरी. मार्च-एप्रिलमध्येच फोटो जोडून अर्ज द्यावा. पर्यवेक्षक स्वतः आले, झाडाभोवती फिरले, फांद्यांचे फुटवे पाहिले. आमच्या काही सभासदांना अर्धं झाड उतरवून हवं होतं. ते म्हणाले, “एका बाजूनं एवढं हलकं केलंत तर वाऱ्यात दुसऱ्या बाजूला कलेल. या दोनच काढा.” आणि दोन फांद्यांवर चुन्याची रेघ मारली. परवानगीच्या पत्रातही दोनच फांद्या. छाटणी आमच्या खर्चानं झाली आणि झाड उभं आहे. हा माणूस नगर परिषदेनं जपावा.

नालेसफाईला मात्र मी नापास करते. दर वर्षी मे महिन्यात गाळ काढतात आणि काठावरच रचून ठेवतात. पहिल्या जोराच्या सरीत तो पुन्हा नाल्यात. काढलेला गाळ सुकला की उचलायचा असतो. त्याचे पैसेही कामात धरलेले असतात. पण गाळ उचलला हे कोण बघतो? २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना या विषयात सबब ऐकवत नाही.

इथून मी सभागृहाकडे येते, कारण गाळाचा प्रश्न अर्जानं सुटत नाही, तो सभेत विचारावा लागतो. २०२१ च्या अखेरीस आमच्या नगर परिषदेची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, राज्यभर तीच स्थिती होती. निवडून आलेल्या सभागृहाच्या जागी सरकारनं नेमलेले प्रशासक बसले. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं आणि आमच्याकडे २ डिसेंबरला मतदान झालं. निकाल २१ तारखेला. एकेका मतदारानं तीन मतं दिली, प्रभागातल्या दोन जागांसाठी दोन आणि थेट नगराध्यक्षाला एक.

प्रशासकांच्या काळात दाखले अडले नाहीत, गाड्या थांबल्या नाहीत. खिडक्यांचं काम उलट थोडं सुधारलंच. पण चार वर्षं कुणी उभं राहून ‘हे बिल कशाचं’ असं विचारलं नाही. ठराव होत होते, ते एकाच सहीनं. आमच्या प्रभागातला गटाराच्या झाकणांचा विषय त्या काळात कुठे मांडायचा हेच कळेना. निवेदन घ्यायचे, पोच द्यायचे, पण पाठपुरावा करणारा आपला असा माणूस आत नव्हता. खिडकीवरची सेवा कितीही चांगली असली तरी तिनं ही उणीव भरून निघत नाही.

आता सभा होतात आणि मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसते. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विषयपत्रिका सूचना फलकावर लागते. तिचा फोटो काढून घरी नीट वाचा. पहिला विषय नेहमी मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. लोकांना तो बिनमहत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्षात इतिवृत्तात जे लिहिलं जातं तेच पुढे खरं धरतात. सभेत कोणी कितीही तावातावानं बोललं तरी लिहिलं गेलं नसेल तर ते बोललंच नाही. आमच्या प्रभागातल्या नव्या नगरसेविका, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, यांनी एका सभेत एवढंच म्हटलं, “गाळ उचलल्याच्या नोंदीशिवाय बिल देऊ नये असं मी मागच्या वेळी बोलले होते, ते इतिवृत्तात दिसत नाही.” सभागृह शांत झालं. मुख्याधिकाऱ्यांनी दुरुस्ती लिहून घ्यायला सांगितली. त्या दिवशी मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

माझी मोठी तक्रार आहे ती ऐनवेळच्या विषयांची. पत्रिकेवर नसलेले विषय सभेच्या शेवटी येतात, वाचले न वाचले असे वाचले जातात, सूचक-अनुमोदकाची नावं घेतली जातात, मंजूर. ऐनवेळी खरोखरच काही तातडीचं येऊ शकतं, पाण्याची मोटर जळू शकते. पण जागेच्या भाडेपट्ट्याला कसली तातडी? एखादा ठराव कायद्याबाहेरचा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यासाठी ठराव झाल्याचं आधी कळायला तर हवं. इतिवृत्त वेबसाइटवर टाका, ही माझी लेखी मागणी आहे. सध्या ती माहिती अधिकारात मागावी लागतात: दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हे न मागता जाहीर करायचं असतं.

पाचपैकी मी साडेतीन देते. जन्म-मृत्यू खिडकी आणि झाडांचं टेबल यांना पाच, कर विभागाला चार, नालेसफाईला एक.

कर भरायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. जप्तीच्या नोटिसांनी घाबरलेली रांग जिन्यापर्यंत येते. ऑनलाइन भरलंत तर पावती लगेच उतरवून घ्या आणि थकबाकीच्या रकान्यात शून्य आलंय का ते पुढच्या आठवड्यात पाहा. नाव बदलायला जाताना मालमत्ता क्रमांक असलेलं जुनं बिल न्या, तो क्रमांक नसेल तर शोधण्यातच वेळ जातो. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला अर्धा तास गर्दी कमी असते. आणि आमच्या प्रभागातल्या कुणाला गटाराच्या झाकणांच्या अर्जावर सही करायची असेल, तर तो अर्ज रविवारपर्यंत आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवलाय. सोमवारी मी तो आवक करणार आहे.